भाऊबंदकी चालते, मैत्री चालत नाही

मराठीत 'भाऊबंदकी' असा एक खणखणीत शब्द आहे. 'मित्रबंदकी' असा शब्द मी अजून ऐकलेला नाही. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, वाड्यातल्या जिन्याखालच्या कोनाड्यावरून तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी माणसं कोण असतात? सख्खे भाऊ, चुलत भाऊ, काका-पुतणे. आणि तरीही तुम्ही चारचौघांत सहज म्हणून बघा, "आम्ही तीन मित्र मिळून एक फ्लॅट घेतोय." लगेच समोरचा कपाळाला हात लावतो. "मित्रांबरोबर? घर? वेडबीड लागलंय का? उद्या भांडणं झाली म्हणजे?"

भांडणं झाली म्हणजे काय, हा प्रश्न रास्त आहे. पण तो भावाबरोबर घर घेणाऱ्याला कोणी विचारत नाही, नवऱ्याबरोबर घर घेणारीला तर नाहीच नाही. जणू काही रक्त आणि अक्षता हे भांडणावरचे लसीकरण आहे. माझं म्हणणं असं की ज्यांना एकत्र राहायचंय, ज्यांचा एकमेकांवर विश्वास आहे आणि जे कागदावर सही करायला तयार आहेत, त्यांनी खुशाल मिळून घर घ्यावं. त्यात वेडेपणा काही नाही. वेडेपणा आहे तो बँकांच्या नियमांत, मुद्रांक शुल्काच्या तक्त्यात आणि आपल्या डोक्यात.

पण आधी माझ्याच बाजूच्या लोकांचा एक मुद्दा खोडतो, कारण तो चुकीचा आहे. "भाडं म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा तिघांनी मिळून ईएमआय भरा, घर आपलं होतं." हे वाक्य ऐकलं की मला कॅल्क्युलेटर काढावासा वाटतो. काढूया.

समजा पुण्यात एक तीन बेडरूमचा फ्लॅट आहे, किंमत १ कोटी २० लाख. तोच भाड्याने घेतला तर ४० हजार धरू. तिघांत म्हणजे प्रत्येकी तेरा-साडेतेरा हजार. आता विकत घ्यायचा. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. नोंदणी फी ३० हजार. वीस टक्के पदरचे, म्हणजे २४ लाख. एकूण ३२ लाख ७० हजार रोख, माणशी जवळजवळ ११ लाख. उरलेल्या ९६ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, वीस वर्षं. हप्ता येतो सुमारे ८३ हजार ३००. पहिल्या महिन्यात त्यातलं व्याज किती? ६८ हजार. मुद्दल फिटतं ते १५ हजार. आता सांगा, ४० हजार भाडं 'पाण्यात' गेलं, तर ६८ हजार व्याज कुठे गेलं? तेही पाण्यातच, फक्त पाणी जरा खोल.

तेव्हा पैसे वाचवायला म्हणून कोणी मित्रांबरोबर घर घेणार असेल तर त्याने घेऊ नये. किंमत वाढेल की नाही ते मी सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो तो बहुधा ब्रोकर असतो.

मग घ्यायचं कशासाठी? उत्तर एका आकड्यात आहे: अकरा.

आपल्याकडे भाड्याचा करार बहुतेक अकरा महिन्यांचाच असतो. का, ते फारसं कोणी विचारत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिने करा आणि नोंदणी टाळा, अशी ती जुनी पळवाट. गंमत म्हणजे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने (तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला) करार लेखी असणं आणि नोंदवणं सक्तीचं केलं, मग मुदत कितीही असो. म्हणजे पळवाट बंद झाली, पण अकरा महिने काही गेले नाहीत. जुन्या प्रणालीतला एखादा बग दुरुस्त होतो, पण त्याच्यासाठी केलेली जुगाडाची ओळ कोडमध्ये तशीच राहते, कारण ती काढायची कोणाला हिंमत होत नाही. तसं.

आणि मुदत संपल्यावर? त्याच कायद्याचं २४ वं कलम सांगतं की लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने मुदत संपली की घर सोडायचं. नाही सोडलं तर दुप्पट दराने भरपाई. मालकाच्या बाजूने हे योग्यच आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, दक्षिण मुंबईतल्या चाळींची भाडी नावापुरती उरली आणि मालकांनी इमारतींना हात लावणं सोडलं. एकदा पोळलेला मालक ताकही फुंकून पिणारच. पण मालकाच्या या शहाणपणाची किंमत कोण मोजतो? दर अकरा महिन्यांनी "या वेळी दहा टक्के वाढवू हं" किंवा "मुलाचं लग्न ठरलंय, घर लागेल" हे ऐकणारा भाडेकरू.

तिशीत हे चालतं. टेम्पो बोलवायचा, पुस्तकांची खोकी भरायची, गॅसचा पत्ता बदलायचा. पण पन्नाशीत? साठीत? एकट्या राहणाऱ्या बाईला, घटस्फोटित माणसाला, लग्न न केलेल्याला सोसायट्या काय काय विचारतात हे ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत. "फॅमिली आहे का?" हा प्रश्न प्रश्न नसतो, ती चाळणी असते. आणि फॅमिली म्हणजे कोण, हे ठरवणारा सेक्रेटरी असतो. अशा माणसाला घर हवं असतं ते गुंतवणूक म्हणून नव्हे. या घरातून मला कोणी उठवणार नाही, एवढ्या एका खात्रीसाठी हवं असतं.

बरं, ही खात्री एकट्याने विकत घ्यायची म्हटलं तर? वरचाच हिशेब. शहराच्या कडेला, जिथे टँकरचं पाणी येतं तिथे, एक बेडरूमचा फ्लॅट ५५ लाख धरा. ऐंशी टक्के कर्ज म्हणजे ४४ लाख, हप्ता सुमारे ३८ हजार २००. आणि तिघांत घेतलेल्या वरच्या फ्लॅटमधला एकाचा हप्ता? २७ हजार ८०० च्या आत. कारण उघड आहे. स्वयंपाकघर, हॉल, गॅलरी, पार्किंग, वॉशिंग मशीन हे तिघांना मिळून एकच लागतं. एकट्याने राहायचं म्हणजे तीन ओटे, तीन फ्रिज आणि तीन रिकामे हॉल विकत घ्यायचे. भाडं विरुद्ध ईएमआय ही तुलना खोटी आहे. खरी तुलना एकट्याचं घर विरुद्ध मिळून घेतलेलं घर ही आहे, आणि तिच्यात मिळून घेतलेलं जिंकतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो त्यावर येतो. आम्ही तिघं (मी, शाळेपासूनचा एक मित्र आणि आमच्या दोघांची एक मैत्रीण, तिघेही चाळिशीत, तिघेही एकेकटे) कर्जासाठी एका बँकेत गेलो. तिघांचे पगार स्वतंत्र, तिघांचे क्रेडिट स्कोअर उत्तम, पदरचे पैसे तयार. ऑफिसर भला माणूस होता. त्याने फॉर्म भरायला घेतला आणि अडला. "सहकर्जदाराशी नातं?" आम्ही म्हटलं, मित्र. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. ड्रॉपडाऊनमध्ये पती, पत्नी, वडील, आई, मुलगा, मुलगी, भाऊ एवढेच पर्याय. "'मित्र' घेत नाही सर सिस्टिम." सिस्टिम! मी वीस वर्षं सिस्टिम लिहितोय. ड्रॉपडाऊन स्वतःहून काही ठरवत नाही, त्याच्यामागे कोणीतरी बसून यादी केलेली असते.

ही यादी कायद्याने केलेली नाही. मित्रांनी मिळून मालमत्ता घ्यायला कायद्याची काहीही आडकाठी नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा तर इतका समंजस आहे की दोघातिघांनी आपापले पैसे घालून मिळकत घेतली आणि वेगळा करार नसला, तर ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, असं ४५ व्या कलमात लिहून ठेवलंय. त्यात भाऊ की मित्र हा प्रश्नच नाही. अडवणूक आहे ती बँकांच्या स्वतःच्या धोरणाची. अपवाद असतील, पण बहुतेक ठिकाणी सहकर्जदार म्हणजे जवळचा नातेवाईक, असंच समीकरण आहे.

बँकेचं यावर उत्तर असं की मित्रांचं बिनसलं तर हप्ते थकतील. ठीक. पण नवरा-बायकोचं बिनसत नाही? कौटुंबिक न्यायालयं कशासाठी काढलीत मग? शिवाय सहकर्जदारांपैकी प्रत्येक जण पूर्ण कर्जाला जबाबदार असतो. एकाने हात वर केले तर बँक बाकीच्या दोघांना धरते. घर गहाण असतंच. हप्ते थकले तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली दिवाणी दाव्याशिवाय घराचा ताबा घेण्याची ताकद बँकेकडे आहे. एका पगारावर उभं असलेलं नवरा-बायकोचं कर्ज बँकेला सुरक्षित वाटतं आणि तीन वेगवेगळ्या नोकऱ्यांवर उभं असलेलं मित्रांचं कर्ज धोक्याचं! आमच्या धंद्यात एकाच सर्व्हरवर सगळा डोलारा ठेवणाऱ्याला कामावरून काढतात.

मग लोक काय करतात? एकाच्या नावावर कर्ज, एकाच्याच नावावर घर, बाकीचे दोघे दर महिन्याला त्याला पैसे देतात. तोंडी सगळं ठरलेलं. हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, आणि बँकेचा नियम माणसाला नेमका याच मार्गावर ढकलतो. १९८८ च्या आणि २०१६ साली कडक केलेल्या बेनामी व्यवहार कायद्याचा मूळ नियम असा की पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, तर ते बेनामी. त्याला अपवाद आहेत, पण कोणाला? पती-पत्नी आणि मुलांना. भावंडं, आईवडील यांनाही आहे, संयुक्त मालक म्हणून नाव असेल तर. मित्र कुठेच नाही. शिक्षा एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड. म्हणजे पुढच्या दाराने आत येऊ द्यायचं नाही आणि खिडकीतून आलात तर चोर म्हणायचं.

पुढचा अन्याय मुद्रांक शुल्काचा. वडिलोपार्जित घरातला हिस्सा भावाने बहिणीला, बहिणीने भावाला सोडला तर हक्कसोडपत्र नाममात्र शुल्कात होतं. तीन मित्रांपैकी एकाला बाहेर पडायचं असेल आणि त्याने आपला हिस्सा दुसऱ्या दोघांना दिला, तर त्या हिश्शाच्या बाजारभावावर खरेदीखताइतकं पूर्ण शुल्क. घर घेताना संपूर्ण घरावर एकदा शुल्क भरलेलं असतं, तरी पुन्हा. १ कोटी २० लाखांच्या घराचा तिसरा हिस्सा म्हणजे ४० लाख, त्याचे ७ टक्के म्हणजे २ लाख ८० हजार. एकत्र राहणं जमेना म्हणून शहाण्यासारखं वेगळं होणाऱ्यांना हा दंड.

आणि तिसरा, जो फार कमी लोकांना माहीत असतो. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा एखाद्याने परक्याला विकला, तर त्या परक्याला घरात येऊन एकत्र राहण्याचा हक्क नाही, असं त्याच १८८२ च्या कायद्याच्या ४४ व्या कलमात आहे. त्याने वाटणी मागावी. फार चांगली तरतूद. मात्र ती कुटुंबासाठी. मित्रांच्या घरातला हिस्सा एकाने कोणा गुंडाला विकला, तर हे संरक्षण बाकीच्या दोघांना नाही.

ही झाली तक्रार. आता विरोधकांचा खरा मुद्दा, कारण तो टाळून चालणार नाही. घराचा एक-तृतीयांश हिस्सा बाजारात कोणी घेत नाही. शेअरसारखा तो विकता येत नाही. एक जण परदेशी गेला, एकाचं लग्न ठरलं, एकाची नोकरी गेली, तर पैसे अडकतात. बरोबर आहे. एक जण गेलाच कायमचा, तर काय? लग्न न झालेल्या हिंदू पुरुषाने मृत्युपत्र केलं नसेल आणि आई हयात असेल तर हिस्सा आईकडे जातो. सोसायटीत नॉमिनी म्हणून मित्राचं नाव लावलं असेल तरी उपयोग नाही, नॉमिनी हा केवळ सांभाळणारा, मालक वारसच. मग तुमची सहमालक म्हणजे मित्राची दुःखात बुडालेली आई, आणि तिच्या मागे उभे राहिलेले तिचे हिशेबी भाचे.

हे सगळं खरं आहे. पण यातली एकही गोष्ट 'मित्र' असल्यामुळे होत नाही, ती कागद नसल्यामुळे होते. कुटुंबाला कागद लागत नाही, कारण त्याचा कागद संसदेने आधीच लिहून ठेवलाय: वारसा कायदा, विवाह कायदा, घटस्फोटाचा कायदा. मित्रांना आपला कागद स्वतः लिहावा लागतो. लिहिता येतो. काय लिहायचं?

एक, खरेदीखतात तिघांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत. "आपापसांत बघून घेऊ" नाही. दोन, पैसे प्रत्येकाच्या बँक खात्यातूनच जायचे, रोखीने काही नाही. तीन, बाहेर पडण्याची वाट: सहा महिन्यांची सूचना, दोन स्वतंत्र मूल्यमापकांच्या किमतीची सरासरी, पहिला हक्क राहणाऱ्या दोघांचा, त्यांना नको किंवा झेपत नसेल तर सगळं घर विकून पैसे वाटून घ्यायचे. चार, एकाचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी किती महिने भरायचा आणि तो त्याच्या हिश्शातून कसा वळता करायचा. पाच, प्रत्येकाचं मृत्युपत्र आणि आपल्या हिश्शाच्या कर्जाएवढा मुदतीचा विमा, म्हणजे कोणी गेलाच तर त्याच्या आईला घरातला कोपरा नको, पैसे हातात मिळतील. सहा, कोणाचं लग्न झालं किंवा कोणाचे आईवडील राहायला आले तर काय. सात, सोसायटीत मत कोण देणार, कारण शेअर सर्टिफिकेटवर नावं तीन असली तरी मत एकच असतं आणि ते पहिल्या नावाचं.

वकिलाकडून हे लिहून घ्यायचं, सह्या करायच्या, नोंदवायचं. आणि एवढं करूनही बिनसलंच तर १८९३ चा वाटणी कायदा आहे. जे घर भिंत घालून वाटता येत नाही ते विकून पैसे वाटायचा आदेश कोर्ट देऊ शकतं, निम्म्या किंवा त्याहून जास्त हिश्शाच्या मालकांनी मागितलं तर. आणि बाकीच्यांना ठरलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घ्यायची संधी मिळते. पण हा रस्ता वर्षांचा आहे. तो आहे हे माहीत असावं, त्यावर भिस्त ठेवू नये.

"एवढं लिहून घ्यायचं तर मैत्री कसली?" हा हमखास प्रश्न. मला तो समजत नाही. प्रोग्रॅम लिहिताना फाईल उघडायच्या आधी ती कधी आणि कशी बंद करायची हे लिहिणारा माणूस फाईलवर अविश्वास दाखवत नसतो. उलट तोंडी व्यवहारातच रोज मनातल्या मनात हिशेब चालतो: कोणी किती दिलं, कोणाची खोली मोठी, कोणाचे पाहुणे जास्त. कागदावर एकदा लिहिलं की तो हिशेब डोक्यातून उतरतो, आणि चहा पिताना फक्त चहा पिता येतो.

आणि हे काही अमेरिकेतून आलेलं खूळ नाही. १९१५ साली मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी आणि त्यांच्या सोबत्यांनी सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. आज ज्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण पार्किंगवरून घसा फोडतो, तिची पणजी ती. वांद्र्याला मराठी लेखकांनी एकत्र येऊन 'साहित्य सहवास' उभारलं. एकट्याच्या खिशाला न झेपणारं घर दहा-वीस जणांनी मिळून उभं करायचं, ही या राज्याने शंभर वर्षांपूर्वी पचवलेली कल्पना आहे. तिच्यासाठी आपण सहकार कायदा केला, खातं काढलं, निबंधक नेमले. वीस अनोळखी कुटुंबांनी एका इमारतीची मालकी वाटून घेतलेली आपल्याला चालते. तीस वर्षं ओळखणाऱ्या तिघांनी एका फ्लॅटची मालकी वाटून घेतली की मात्र आपल्याला घाम फुटतो!

तेव्हा मागण्या तीनच, आणि तिन्ही साध्या. बँकांनी सहकर्जदाराचं नातं विचारणं बंद करावं. खरेदीखतात नाव, हिस्सा आणि पगार बघावा, हवं तर नोंदवलेला करार सक्तीचा करावा. राज्य सरकारने, ज्या सहमालकांनी घर घेताना पूर्ण शुल्क भरलंय त्यांच्या आपसांतल्या हक्कसोडपत्राला भावाबहिणींचाच दर लावावा. आणि ४४ व्या कलमातलं संरक्षण राहत्या घराच्या सगळ्याच सहमालकांना मिळावं. यात सरकारच्या तिजोरीला फारसं भोक पडणार नाही, आणि कुटुंबव्यवस्थाही कोसळणार नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या डोक्यात हा विचार घोळतोय त्यांना एकच सांगतो. फ्लॅट बघायला जायच्या आधी तिघांनी एका रविवारी बसून वरचे सात मुद्दे लिहून काढा. जो मित्र "जाऊ दे रे, आपल्यात काय लिहायचं" म्हणेल त्याच्याबरोबर खुशाल ट्रेकला जा, सिनेमाला जा, घर मात्र घेऊ नका.